मसऊद साहेबांच्या नावातली खूण

"मॅम, एक अंकल आए हैं। ऊपरवाला कॉमा माँग रहे हैं।"

अलीगंजच्या सेंटरवरून रुचीचा हा फोन आला तेव्हा मी डबा उघडून पहिला घास हातात घेतला होता. 'ऊपरवाला' म्हटल्यावर लखनौत माणसाला देवच आठवतो, त्यामुळे मला आधी काही उमगेना. मग उमगलं आणि घास तसाच डब्यात गेला. ज्या एवढ्याशा खुणेपायी मी आमच्या ऑफिसात वर्षभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, ती खूण आता स्वतःच्या पायांनी चालत काउंटरवर येऊन उभी राहिली होती.

मी मूळची मिरजेची. नवरा इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लागला, त्याच्यामागे मी आले आणि दोन-चार वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता इथलीच झाले. मिरजेत गोळे होते, इथे गोले मॅडम झाले. मुलं घरात मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. नोकरी केली ती एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. शहराच्या मध्यात मुख्य लॅब, आणि अलीगंज, आलमबाग, तेलीबाग इथे रक्ताचे नमुने घ्यायची सेंटरं. माझं काम डेटाबेस सांभाळण्याचं. कॉलनीत हे सांगितलं की लोक आदराने मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी त्यांचा बिघडलेला प्रिंटर घेऊन यायचे.

तर डेटाबेस म्हणजे काय, ते आधी सांगते. पुष्कळ कप्प्यांचं एक मोठं कपाट समजा. पेशंटची नावं एका कप्प्यात, तपासण्यांचे आकडे दुसऱ्यात. या कपाटाला एक सोय असते, तिला ट्रिगर म्हणतात. अमुक कप्प्यात अमुक गोष्ट पडली की आपोआप तमुक घडवायचं. आमच्याकडे ते असं होतं: मुख्य लॅबमधल्या तंत्रज्ञाने एखाद्या तपासणीचा आकडा भरला आणि तो जिवाला धोका असण्याइतका वर किंवा खाली असला, तर ट्रिगरने तिथल्या तिथे एक हाक मारायची. ज्या सेंटरवर त्या पेशंटचं रक्त घेतलं असेल तिथल्या स्क्रीनवर लाल पट्टी यायची, बझर वाजायचा, आणि काउंटरवरच्या मुलीने पेशंटला ताबडतोब फोन करून दवाखान्यात पाठवायचं. कागदी रिपोर्ट संध्याकाळी आपल्या गतीने जायचा. पोटॅशियम चढलेल्या किंवा साखर पार उतरलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगता येत नाही, म्हणून ही हाक.

आता ही हाक म्हणजे यंत्राने यंत्राला सांगितलेलं एक वाक्य. त्यात कोणाला हाक मारायची ते सेंटरचं नाव असतं आणि काय सांगायचं तो मजकूर, म्हणजे पेशंटचं नाव आणि आकडा, असतो. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचं, मजकूर एकेरी अवतरणांत. एवढा साधा नियम आहे. पण मजकुराच्या पोटातच एकेरी अवतरणासारखी खूण आली तर? शाळेत बाई श्रुतलेखन घालताना 'पूर्णविराम' म्हणाल्या की आपण वाक्य संपवत असू. उद्या धड्यातच 'पूर्णविराम' हा शब्द आला, तर मूल घुटमळेल, बाईंकडे बघेल. यंत्र घुटमळत नाही. मधली खूण दिसली की त्याच्या लेखी मजकूर संपला. पुढची अक्षरं त्याला परकी वाटतात आणि ते सगळंच्या सगळं वाक्य फेकून देतं. यावर उपाय म्हणून डेटाबेसमध्येच तयार सोय असते. मजकूर तिच्यातून काढून घेतला की त्यातल्या खुणा नीट बांधल्या जातात. एक शब्द जास्त लिहावा लागतो, इतकंच.

आमच्या ट्रिगरमध्ये तो शब्द नव्हता. नावाला दुहेरी अवतरणंही नव्हती. बाहेरगावच्या एका कंपनीने ते सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं, उद्घाटनाला पेढे खाल्ले होते, आणि नंतर फोन उचलणं बंद केलं होतं. नोकरीला लागल्यावर महिन्याभरात मला ती ओळ दिसली. मी आमचे व्यवस्थापक श्रीवास्तवजी यांना जाऊन सांगितलं.

श्रीवास्तवजी सज्जन माणूस. सगळ्यांच्या घरची चौकशी करायचे, कोणाला तापबीप आला तर स्वतःच्या गाडीने सोडायचे. पण खऱ्या सर्व्हरवर काही बदलायचं तर त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यांच्याकडे, आणि बदल या शब्दाचीच त्यांना धास्ती.

"मॅडम, चल रहा है ना?" त्यांनी विचारलं.

"चल रहा है, लेकिन..."

"तो चलने दीजिए।"

ते असं काही महिने चाललं. मग अलीगंजच्या सेंटरला नवा रंग लागला, नव्या खुर्च्या आल्या, आणि आमचे मालक डॉक्टर टंडन पाहणीला गेले. त्यांना सगळं आवडलं, फक्त कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कोपऱ्यात सेंटरचं नाव इंग्रजीत होतं, ते त्यांना खुपलं. पहिलं अक्षर छोटं होतं.

"यह 'ए' छोटा क्यों है?" ते म्हणाले. "हम कोई नर्सरी स्कूल हैं?"

श्रीवास्तवजींनी त्याच दिवशी मूळ यादीत जाऊन ते अक्षर मोठं केलं. मला विचारलं नाही. एका अक्षराचं काय विचारायचं!

पुढे एकदा कशाला तरी रुचीचा फोन आला. रुची म्हणजे अलीगंजच्या काउंटरवरची मुलगी, विशीतली, तिथलीच राहणारी, बोलायला लागली की न थांबणारी. बोलता बोलता हसून म्हणाली, "मॅम, आजकल अलीगंज में सब बड़े हेल्दी हो गए हैं। लाल पट्टी आती ही नहीं!"

मी आकडे काढून बघितले. अलीगंजची माणसं पूर्वीइतकीच आजारी होती. तंत्रज्ञ धोक्याचे आकडे भरत होता, ट्रिगर हाका मारत होता, पण नावाला अवतरणं नसली की डेटाबेस सगळी इंग्रजी अक्षरं छोटी करून घेतो. म्हणजे हाक जायची छोट्या 'ए'च्या अलीगंजला, आणि सेंटरचं मशीन कान लावून बसलेलं मोठ्या 'ए'च्या अलीगंजला. दोघेही आपापलं काम चोख करत होते. कुठे बिघाड झाला म्हणून कोणी सांगितलं नाही, कारण कोणाच्याच लेखी तो बिघाड नव्हता. आरडाओरडा करून बंद पडणारं यंत्र परवडलं. असं गप्प राहणारं नको.

त्या काळातले पेशंट संध्याकाळच्या कागदी रिपोर्टवर वाचले. मी श्रीवास्तवजींकडे गेले ती तावातावानेच. हे वाक्यच नीट करू या म्हटलं, नाव आणि मजकूर दोन्ही. आज नावावर शेकलंय, उद्या मजकुरावर शेकेल. लखनौत कितीतरी लोक आपलं नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये वरची खूण, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, देतात. तसा एखादा पेशंट आला आणि त्याचा आकडा धोक्याचा निघाला की झालं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग 'ए' परत छोटा केला. टंडन साहेबांना दिसणारं नाव वेगळं छापायची युक्ती मी करून दिली. आणि मजकुराचा प्रश्न त्यांनी त्यांच्या पद्धतीने सोडवला: सगळ्या सेंटरांना परिपत्रक काढलं. पेशंटच्या नावात कोणतीही खूण टाकण्यास मनाई आहे.

"लीजिए," ते म्हणाले, "आपकी प्रॉब्लम जड़ से खतम।"

"सर, लोगों के नाम से निशान निकालने के बजाय वो एक लाइन..."

"मार्च के बाद देखेंगे।"

घरी येऊन मी नवऱ्यापुढे धुसफुसले. तो पेपर वाचत होता. "राजीनामा देतेस का?" म्हणाला. "नाही," म्हटलं. "मग भाजीला फोडणी दे, करपतेय." संशोधन संस्थांमधल्या माणसांना मार्चनंतर बघू याची इतकी सवय असते की त्यांना त्यात काही खटकत नाही.

आणि मग तो डब्याच्या वेळचा फोन आला. मी रिक्षा करून अलीगंजला गेले.

काउंटरसमोर एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ उभे होते. इस्त्रीची सुरवार, बंद गळ्याचा कोट. खुर्च्या रिकाम्या असूनही बसले नव्हते. वीज खात्यातून निवृत्त झालेले, मूत्रपिंडाचा विकार, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासावं लागायचं. त्यांच्या हातात आमचा जुना रिपोर्ट होता.

"आप ही कंप्यूटर देखती हैं?" त्यांनी विचारलं. "मेरा नाम मसऊद है। बीच में ऐन आता है। अंग्रेजी में उसकी जगह यह निशान लगता है। आपकी लॅब ने मेरा ऐन गिरा दिया।"

ऐन हे उर्दूतलं एक अक्षर, पण हे त्यांनी असं सांगितलं की जणू आमच्या हातून त्यांचं पोर पडलं होतं. मी म्हटलं, साहेब, आमच्या मशीनला ही खूण झेपत नाही.

"तो मशीन को समझाइए, मोहतरमा। मुझे क्यों समझा रही हैं?"

हेच वाक्य मी ऑफिसात वेगवेगळ्या आवाजांत म्हणत आले होते. वर त्यांची अडचणही खरी होती. खात्याच्या ओळखपत्रावर त्यांचं नाव खुणेसकट होतं, आणि रिपोर्टवर तसंच्या तसं नसलं की औषधोपचारांची बिलं परत यायची. पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. सत्तरी ओलांडलेला आजारी माणूस एका खुणेसाठी कचेरीचे जिने चढत होता.

"थोडी मोहलत दीजिए," मी म्हटलं. "मैं करवाती हूँ।"

त्यांनी मान तुकवली, आणि ज्या आदराने तुकवली त्याने मला जास्तच लाज वाटली. मी रुचीला सांगितलं, परवानगी मिळेपर्यंत परिपत्रक पाळ. ती "जी मॅम" म्हणाली.

दुरुस्ती मी त्याच आठवड्यात लिहून ठेवली, सरावाच्या मशीनवर तपासली, आणि श्रीवास्तवजींच्या टेबलावर मंजुरीसाठी ठेवली. मार्च आला, गेला. ऑडिट आलं. मग त्यांच्या मेव्हण्याचं लग्न. मी आठवण केली की ते कपाळाला हात लावायचे, "अरे हाँ, आपका कॉमा!" ऑफिसात माझं नावच 'कॉमावाली मॅडम' पडलं. कॉमा नाही हो तो, असं मी प्रत्येक वेळी सांगायची. लोक आणखी हसायचे.

इकडे मसऊद साहेब दर खेपेला अलीगंजला येत होते, आणि दर खेपेला काही न बोलता रिपोर्टवरचं आपलं नाव बघून घडी घालत होते. ईदेला त्यांनी रुचीला घरी बोलावून शेवया खायला घातल्या. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या नावात ती खूण टाकून दिली. नाव नोंदवायच्या फॉर्मने ती निमूट घेतली, कारण तो फॉर्म नीट लिहिलेला होता. रिपोर्ट छापला गेला. पुढचाही गेला. तिला वाटलं, गोले मॅमनी मशीन सुधारलं असणार.

हा ट्रिगर धोक्याचा आकडा आल्याशिवाय तोंडच उघडत नव्हता. मसऊद साहेबांचे आकडे बरे होते तोवर त्या खुणेने कोणाचं काही बिघडवलं नाही. ती बिघडवणार होती ते फक्त त्यांची तब्येत बिघडेल त्या दिवशी.

तो दिवस उन्हाळ्यातला. सकाळी अकराच्या सुमारास मी मुख्य लॅबमधून चालले होते. आमचे तंत्रज्ञ तिवारी एका स्क्रीनपुढे बसून वैतागाने एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते.

"क्या हुआ?"

"एक रिजल्ट सेव नहीं हो रहा। नेट का चक्कर है। लंच के बाद डालूँगा।"

मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर इंग्रजीत तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं की 'यूडी' या अक्षरांपाशी वाक्यरचना चुकली आहे. यूडी. मसऊदमधलं खुणेच्या पुढचं 'ऊद'. यंत्राने 'मस' वाचलं, खूण पाहिली, वाक्य संपवलं, आणि 'ऊद' काय ते कळेना म्हणून सगळंच नाकारलं. हाक गेली नाहीच, पण हाक फसली म्हणून ट्रिगरने आकडाही कप्प्यात पडू दिला नव्हता. मी तिवारींना आकडा विचारला. पोटॅशियम. इतकं चढलेलं की हृदय कधीही थांबावं.

मी नोंदीतला नंबर फिरवला. तो मुलाचा होता, मुलगा बरेलीला नोकरीवर, उचलेना. मग रुचीला लावला. वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "मॅम, मुझे घर मालूम है," आणि फोन चालू ठेवूनच निघाली. काउंटरवर चार माणसं बसलेली होती. तिने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, मला फक्त शटरचा आणि स्कूटीचा आवाज आला.

पुढचं सगळं मी फोनवरून ऐकलं. दार त्यांनीच उघडलं. अशक्त वाटतंय म्हणून दोन दिवस नारळपाणी पीत होते. ज्याचं पोटॅशियम चढलेलं त्याने पोटॅशियमने भरलेलं नारळपाणी! रुची म्हणाली, अंकल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. ते म्हणाले, बेटी, उन्हातून आलीस, आधी सरबत घे. ती म्हणाली, सरबत नको, चला. ते म्हणाले, या कपड्यांत?

"मॅम," रुची माझ्या कानात ओरडली, आणि त्या आवाजात रडणं होतं, "ये टोपी ढूँढ रहे हैं!"

"नारियल पानी का ग्लास छीन लो उनके हाथ से," मी म्हटलं, "और टोपी के बिना ले जाओ!"

"नहीं जाएँगे मॅम, आप इनको जानती नहीं!"

शेवटी टोपी सापडली. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिने त्यांना नेलं. दवाखान्याच्या दारात त्यांचे पाय गेले. हृदयाचे ठोके वेडेवाकडे झाले होते, तिथून त्यांना थेट आत घेतलं, डायलिसिसवर चढवलं. डॉक्टरांनी रुचीला सांगितलं की आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. तिने मला ते सांगितलं आणि फोन बंद केला. मी प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून राहिले. तिवारी म्हणाले, पाणी आणू का? त्यांचा चेहराही पांढरा पडला होता.

मसऊद साहेब वाचले. मला वाटलं होतं, आता तरी सगळे शहाण्यासारखे वागतील.

दुसऱ्या दिवशी टंडन साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली, आणि तिथे पहिला विषय निघाला तो हा की रुचीने परिपत्रक मोडून नावात खूण टाकलीच कशी. श्रीवास्तवजींनी परिपत्रकाची प्रत सोबत आणली होती. शिवाय तिने काउंटर बंद करून पेशंटना ताटकळत ठेवलं. माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"साहब, मी एक गोष्ट दाखवते," असं मी अर्धं मराठीतच म्हणाले आणि त्यांच्या टेबलावरच्या मशीनवर सरावाचा डेटाबेस उघडला. खुणेचं एक खोटं नाव घातलं. पोटॅशियम साधं भरलं. घेतलं. मग त्याच नावापुढे धोक्याचं पोटॅशियम भरलं. तांबडी अक्षरं आली. मी पुन्हा साधं भरलं, घेतलं. पुन्हा धोक्याचं, नाकारलं.

टंडन साहेब डॉक्टर होते शेवटी. ते खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. "मतलब," ते सावकाश म्हणाले, "मरीज ठीक हो तो ठीक, और मर रहा हो तो नहीं लेगा?"

"जी।"

"ठीक करने में कितना टाइम लगेगा?"

"लिखा हुआ रखा है। श्रीवास्तवजी की टेबल पर।"

श्रीवास्तवजी चष्मा पुसायला लागले. दुपारी मला पासवर्ड मिळाला आणि चहा निवायच्या आत मी ती ओळ बदलली. नावाला त्याची अवतरणं, मजकुराला त्याची. मग खुणेच्या नावाने धोक्याचा आकडा भरून अलीगंजची पट्टी वाजवून पाहिली. बझर वाजला. रुचीच्या जागी तात्पुरती बसलेली मुलगी दचकून खुर्चीतून उठली म्हणे.

मला वाटलं, विषय संपला. पण ऑफिसात यंत्र दुरुस्त करणं सोपं असतं. रुचीला मेमो गेलाच, सूचनांचं उल्लंघन म्हणून. मी टंडन साहेबांना एकटं गाठून म्हटलं, तिने माणूस वाचवलाय, मेमो मागे घ्या, नाहीतर मलाही एक द्या. ते हसले. "गोले मॅडम, आप तो दिल पर ले लेती हैं।" मेमो राहिला. वर 'सगळ्यांच्या सोयीसाठी' रुचीची बदली तेलीबागला झाली, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती रोज स्कूटीवरून अख्खं लखनौ उभं कापत जायला लागली.

तब्येत सुधारल्यावर मसऊद साहेब अलीगंजला आले, रुची कुठे म्हणून विचारलं, आणि रक्त न देताच परत गेले. पुढच्या आठवड्यापासून ते टेम्पो, म्हणजे इथल्या शेअर रिक्षा, बदलत बदलत तेलीबागला जाऊन रक्त द्यायला लागले. श्रीवास्तवजींनी मला विचारलं, हा पेशंट अलीगंजचा, घराजवळ सेंटर असताना इतक्या लांब का जातो? मी म्हटलं, तुम्हीच विचारा त्यांना. त्यांनी विचारलं नाही.

वर्षभराने रुचीने नोकरी सोडायचं ठरवलं. आलमबागच्या एका नर्सिंग होममध्ये तिला काम मिळालं होतं. शेवटच्या आठवड्यात ती मुख्य लॅबमध्ये कागदपत्रं द्यायला आली, तेव्हा मी तिला खाली चहाला नेलं. इकडचं तिकडचं झालं. मग कप खाली ठेवून तिने विचारलं, "मॅम, सच बताइए। उस दिन गलती किसकी थी?"

मी एकेक सांगायला लागले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची. मंजुरी अडवून ठेवणाऱ्यांची. परिपत्रक काढून मोकळं होणाऱ्यांची. "तुम्हारी बिलकुल नहीं," मी म्हटलं.

"वो तो मुझे मालूम है, मॅम," ती म्हणाली. "मैं ये पूछ रही थी कि किसी ने कहा क्यों नहीं।"

मी म्हणाले होते ना, केबिनमध्ये. पण केबिनमध्ये ती नव्हती. तिन्ही सेंटरच्या लोकांच्या लेखी रुची म्हणजे परिपत्रक मोडून मेमो खाल्लेली मुलगी, इतकंच होतं, आणि वर्षभर ती त्या लोकांमध्ये बसून डबा खात होती.

शनिवारी सगळ्या सेंटरांची महिन्याची बैठक असायची. सगळे हॉलमध्ये जमलेले, रुचीही मागच्या रांगेत, तिची ती शेवटचीच. श्रीवास्तवजींनी तिला दोन शब्दांत निरोप दिला, शिस्तीचं महत्त्व सांगितलं, आणि पुढच्या विषयाकडे वळले. मी उभी राहिले.

"दो मिनट," म्हटलं.

मला भाषण करता येत नाही, हिंदीत तर नाहीच. मी ट्रिगर सांगितला, खूण सांगितली, टोपी सांगितली. मधे श्रीवास्तवजी "मॅडम, ये बाद में..." म्हणाले, पण मी थांबले नाही. "रुचि ने सिर्फ एक आदमी का नाम सही लिखा," मी म्हटलं. "गलत हमारी मशीन थी, और हमको मालूम था। जान बचाई इसने, और मेमो भी इसी को मिला। हम सब शहाणे लोग चुप बैठे रहे।" मग पुढे काही सुचेना म्हणून बसले. तिवारींनी टाळी वाजवली, एकट्यानेच, मग आलमबागच्या दोघींनी. टंडन साहेब पंख्याकडे बघत होते.

बैठक संपल्यावर रुची मला जिन्यात भेटली. डोळे पुसून झाले होते, ओढणीचं टोक अजून मुठीत होतं. ते तिने सरळ केलं. मग म्हणाली, "मॅम, एक बात पूछूँ? वो 'शहाणे' क्या होता है?"

"समझदार," मी सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली. "मुझे लगा गाली है।"

"वो भी है," मी म्हटलं.